उलटलेला ट्रॅक्टर उभा केला, तरी लगेच सेल्फ मारू नका

रावेर-यावलकडे केळीच्या बागेजवळ बांधावरून ट्रॅक्टर उलटला, की साखळी लावून तो उभा करतात आणि कुणीतरी लगेच सेल्फ मारतो. कृपा करून थांबा. आडव्या पडलेल्या इंजिनातलं ऑइल पिस्टनच्या वर गेलेलं असू शकतं. हवा दाबली जाते, ऑइल दाबलं जात नाही. मग सेल्फ मारला की पिस्टनला क्रँकशी जोडणारा कनेक्टिंग रॉडच वाकतो.

बॅटरीची वायर काढा. सगळे नोझल (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे) काढून इंजिनाच्या पुढच्या क्रँक पुलीचा नट पान्याने सावकाश दोन पूर्ण फेरे फिरवा. भोकांतून काळं ऑइल उसळतं, तोंड लांब ठेवा. अडलं तर जोर नको, मिस्त्री बोलवा.

ऑइलबाथ एअर क्लिनर (इंजिनात जाणारी हवा ऑइलने गाळणारं भांडं) आणि त्याचा पाइपही पुसून काढा. तिथलं ऑइल ओढलं गेलं, तर डिझेल बंद करूनही इंजिन बेफाम पळत राहतं. मग ऑइल-पाण्याची पातळी बघा.