चौकशी कडक, निकाल मऊ : मंडळीतली शिस्त

मंडळीत, म्हणजे चर्चच्या सभासदांत, कुणाचं काही चुकलं की चर्चच्या कमिटीत लगेच दोन पक्ष पडतात. एक म्हणतो नियम म्हणजे नियम, दुसरा म्हणतो जाऊ द्या, प्रभूनेही क्षमा केली. मग मधलं काहीतरी ठरतं : तीन महिने प्रभुभोजन (भाकर आणि द्राक्षारसाचा चर्चमधला विधी) बंद, विषय संपला. हा तोडगा बहुधा फसतो, कारण न्याय आणि दया यांची सरासरी निघत नाही. दोघांच्या जागा वेगळ्या आहेत. काय घडलं ते शोधताना कडक राहायचं, माणसाचं पुढे काय करायचं ते ठरवताना मऊ. होतं मात्र उलटं. चौकशी ढिली आणि शिक्षा जबर.

इंदूरच्या एखाद्या हिंदी-मराठी मंडळीचं कल्पित उदाहरण घेऊ. खजिनदाराने अर्पणातले (चर्चला आलेल्या दानातले) 18,000 रुपये घरच्या अडचणीत वापरले, आणि एका सभासदाच्या ते लक्षात आलं.

बायबलमधल्या मत्तय 18:15 प्रमाणे त्या सभासदाने आधी एकट्याने जायचं. आठवडा उलटू देऊ नये. रविवारच्या भक्तीनंतर चर्चच्या पायऱ्यांवर नव्हे, घरी. सोबत निकाल नाही, प्रश्न न्यायचा : ‘वहीत आणि पासबुकात 18,000चा फरक दिसतो, तो कशाचा?’ नीतिसूत्रे 18:13 ऐकण्याआधी उत्तर देणाऱ्याला मूर्ख म्हणतं. व्हॉट्सअॅप ग्रुपवर ‘काही लोक दानाचा दुरुपयोग करतात’ असं नाव न घेता टाकणं म्हणजे ही पायरी पार पाडणं नव्हे. एकांत तिथेच मोडतो आणि पुढे कबुली मिळणं अवघड होऊन बसतं.

खजिनदाराने ऐकलं नाही तर एक-दोघांना बरोबर न्यायचं. अनुवाद 19:15 मधला दोन-तीन साक्षीदारांचा नियम मत्तयात इथे पुन्हा येतो. एकजण हिशेब वाचता येणारा हवा आणि दोघांपैकी कुणाचाही व्याही-जावई नको. आपल्याकडे जुनी घरं सगळी एकमेकांत गुंतलेली, म्हणून ही अट वाटते त्यापेक्षा अवघड. तारीख आणि काय बोलणं झालं याच्या चार ओळी त्याच दिवशी लिहून ठेवाव्यात.

तरीही मिटलं नाही तर कमिटी. इथे बैठका दोन घ्या. पहिलीत फक्त घडलं काय : पासबुक, पावत्या, त्याचं स्वतःचं म्हणणं. निकालाचा शब्दही नको. दुसरी किमान आठवड्याने. एकाच बैठकीत दोन्ही उरकलं की चिडलेली माणसं पुरावा तपासत नाहीत, राग मोजतात. तक्रार करणारा, चौकशी करणारा आणि निकाल देणारा एकच पाळक (चर्चचा धर्मगुरू) असेल तर त्यांनी स्वतःहून एक खुर्ची सोडावी.

निकालाआधी चार गोष्टी तपासा : त्याने स्वतः सांगितलं की पकडला गेला, एकदाच झालं की सवय आहे, नुकसान नेमकं कुणाचं, आणि पदाचा वापर झाला का. मग भरपाई. लेवीय 6:5 मूळ रक्कम अधिक पाचवा हिस्सा सांगतं : 18,000 आणि 3,600, म्हणजे 21,600. येशूला भेटलेल्या जक्कय या जकातदाराने चौपट देऊ केलं, पण ते त्याचं आपखुशीचं होतं. कमिटीने तो दर लावू नये. दया हप्त्यात दाखवा : दरमहा 1,800, बारा महिने. पैसे विधवांच्या मदतनिधीतले असतील तर ते ‘सोडून’ द्यायचा हक्क कमिटीला नाही. दुसऱ्याच्या खिशातून दया करता येत नाही.

क्षमा आजच, तिजोरीची किल्ली नंतर. ही गल्लत सगळ्यात जास्त होते : ‘माफ केलं ना, मग पद का काढता?’ सभासदत्व आणि पद हे वेगळे प्रश्न आहेत. त्यांचे ठराव वेगळे लिहा.

प्रभुभोजनापासून दूर ठेवायचं ठरलं तर संपण्याची तारीख आणि दर पंधरा दिवसांनी भेटायला जाणाऱ्याचं नाव त्याच ठरावात हवं. 2 थेस्सलनीकाकरांस 3:15 म्हणतं, त्याला शत्रू मानू नका, भाऊ म्हणून समज द्या. 2 करिंथकरांस 2:6-8 मध्ये पौल एका माणसाबद्दल झाली एवढी शिक्षा पुरे, आता क्षमा करा म्हणतो. हा करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या पाचव्या अध्यायातला, मंडळीतून काढायला सांगितलेला माणूस की दुसरा, यावर मतभेद आहेत. पण शिक्षेला शेवट असावा हा मुद्दा त्याने बदलत नाही.

कमिटीच्या पत्राच्या भाषेकडेही बघा. ‘शिक्षा’ हिंदीभाषक सभासदाला शिक्षण वाटेल. ‘राजीनामा’ मराठी घरात पद सोडणं, तर इथल्या कोर्टाच्या हिंदीत आपसातली तडजोड. मिनिट्समध्ये नुसतं ‘राजीनामा झाला’ लिहिलंत तर वर्षभराने दोन इतिहास तयार होतील. ‘पद सोडलं’ किंवा ‘समझोता झाला’ असं सरळ लिहा. बोलणी मात्र त्याच्या घरच्या भाषेत करा.

आरोप पाळकावर किंवा मंडळीच्या वडिलांवर (कारभार पाहणाऱ्या ज्येष्ठांवर) असेल तर 1 तीमथ्य 5:19 मधले दोन-तीन साक्षीदार सगळ्यांना पाठ असतात. वचन 20, म्हणजे पाप करत राहणाऱ्यांना सर्वांसमोर दोष द्यावा, आणि 21, म्हणजे पक्षपात नको, हे कुणी वाचत नाही. तिन्ही एकत्र वाचा.

दोन बाबतींत या पायऱ्या लावायच्याच नाहीत. लहान मुलावर लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाली तर पॉक्सो कायदा, 2012 चं कलम 19 पोलिसांना कळवणं बंधनकारक करतं. आधी कमिटी बसवणं, मुलाला आरोपीसमोर ‘समजुतीसाठी’ आणणं हे दोन्ही चूक. चाइल्डलाइनचा नंबर 1098. आणि नवरा मारत असेल तर बायकोला ‘क्षमा कर’ म्हणून परत धाडणं ही दया नव्हे. आधी तिला सुरक्षित जागा, नवऱ्याचा पश्चात्ताप मग तपासू.

मुदत संपल्याच्या रविवारी व्यासपीठावरून कथा सांगू नका. पाळकसाहेबांनी आदल्या दिवशी घरी जाऊन ‘उद्या भोजनाला या’ म्हणावं, आणि भेटायला जाणारा माणूस त्याच्याच बाकावर बसावा.