एजंटच्या हाती टूल देण्यापूर्वी

एजंट म्हणजे एआय भाषा मॉडेलच्या आधारे कामे करणारा प्रोग्रॅम आणि टूल म्हणजे त्याला वापरायला दिलेले एखादे फंक्शन. टूलचे वर्णन लिहायला घेण्यापूर्वी एक गोष्ट पक्की ध्यानात घ्यावी, की एजंटमागच्या मॉडेलला आपला कोड दिसत नाही; त्याला दिसते ते टूलचे नाव, वर्णन आणि पॅरामीटरांचा स्कीमा, म्हणजे टूलला कोणती माहिती कोणत्या स्वरूपात द्यायची याचा ठरावीक आराखडा. अँथ्रॉपिकने नोव्हेंबर २०२४ मध्ये जाहीर केलेल्या मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉलमध्येही (एआय मॉडेलला बाहेरची टूल जोडण्याची सामाईक पद्धत) टूलची ओळख मुख्यतः याच तीन गोष्टींवर उभी आहे. म्हणून टीममध्ये जे 'सगळ्यांना ठाऊकच आहे', ते आधी लिहून काढावे. उदाहरणादाखल दोन स्थानकांदरम्यानच्या रेल्वेगाड्या शोधणारे टूल घेऊ.

पहिल्या मसुद्यात बहुधा 'गाड्यांची माहिती देते' एवढेच वाक्य असते. माहिती कसली, वेळापत्रक, भाडे, शिल्लक जागा की गाडी आत्ता कुठे आहे ते, याचा त्यातून पत्ता लागत नाही. टूल काय करते याच्या जोडीला ते काय करत नाही, हेही लिहावे: 'दिलेल्या तारखेला दोन स्थानकांदरम्यान धावणाऱ्या गाड्या आणि त्यांच्या नियोजित वेळा देते. गाडीला झालेला उशीर यातून कळत नाही. त्यासाठी गाडीची सद्यस्थिती दाखवणारे टूल वापरावे.' नावेही एकमेकांपासून ठळकपणे वेगळी ठेवावीत. 'गाडी माहिती' आणि 'गाडी तपशील' अशी जुळी नावे शेजारी असली, तर माणूसही गोंधळेल.

सर्वाधिक वेळ पॅरामीटरांना द्यावा. स्थानकाचे नाव हवे की कोड, हे स्पष्ट सांगावे, कारण नुसते 'दादर' पाठवले तर मध्य रेल्वेचे डीआर की पश्चिम रेल्वेचे डीडीआर, हा प्रश्न उरतोच. कोडच हवा असेल तर एखादा नमुना द्यावा आणि कोड ठाऊक नसल्यास आधी कोणते टूल चालवावे, तेही नोंदवावे. तारखेचे प्रकरण याहून अवघड आहे. ०५-०६ म्हणजे पाच जून की सहा मे, हा घोळ आयएसओ ८६०१ या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे वर्ष-महिना-दिवस असा क्रम ठरवून दिला की मिटतो. पण मुंबईहून रात्री सुटून मध्यरात्रीनंतर पुण्याला येणाऱ्या गाडीत पुण्यालाच चढायचे असेल, तर तारीख गाडी सुटण्याची द्यायची की आपण चढण्याची, हे कोणत्याही साच्यातून कळत नाही, ते शब्दांतच लिहावे लागते. ती एक ओळ राहिली, तर एजंट निःशंकपणे एका दिवसाच्या फरकाने चुकीची गाडी सुचवेल. स्लीपर, थ्री-टियर एसी असे मोजकेच पर्याय असतील, तर ते वर्णनात न मांडता स्कीमातच बांधून टाकावेत.

टूलकडून काय परत येते, हा भाग हमखास राहून जातो. गाडी सापडली नाही आणि सर्व्हरने उत्तर दिले नाही, या दोन्ही वेळी रिकामी यादीच परत गेली, तर मॉडेल 'या मार्गावर गाडीच नाही' असे सांगून मोकळे होईल. त्रुटीच्या संदेशातही 'अवैध इनपुट' असे कोरडे उत्तर न देता 'हा स्थानक कोड सापडला नाही. आधी नावावरून कोड शोधावा' असे पुढचे पाऊल सांगावे.

तिकीट रद्द करणाऱ्या टूलच्या वर्णनात परिणाम स्पष्ट लिहावा, परंतु त्यावर विसंबू नये. प्रवाशाची संमती घेतल्याशिवाय व्यवहार पुढे न जाण्याची तजवीज कोडमध्येच असावी. प्रोटोकॉलमध्ये टूल विध्वंसक आहे किंवा केवळ वाचणारे आहे, असे सुचवणाऱ्या खुणा आहेत, पण त्या सूचनाच आहेत, कुलूप नव्हे.

वर्णन मॉडेलच्या संदर्भात, म्हणजे ते एका वेळी वाचू शकते त्या मर्यादित मजकुरात, जागा अडवते, त्यामुळे उत्पादनाची स्तुती आणि अंतर्गत इतिहास निर्दयपणे कापावा. तारखेची ती ओळ मात्र कापू नये.

चाचणीसाठी लोक विचारतात तसेच प्रश्न जमवावेत: 'उद्या संध्याकाळी ठाण्याहून नाशिकला जायला काय आहे?' सोबत 'मासिक पास कुठे मिळतो?' असे, जिथे हे टूल वापरलेच जाऊ नये, तेही प्रश्न हवेत. एजंटचे अंतिम उत्तर गोड असले तरी त्याने टूलला नेमके काय पाठवले, ते लॉगमध्ये, म्हणजे प्रोग्रॅमने ठेवलेल्या नोंदींत, उघडून पाहावे. पुढे कोडमध्ये एखादा पॅरामीटर बदलला, तर त्याच बदलासोबत वर्णनही सुधारावे आणि हे सारे प्रश्न पुन्हा चालवावेत.