ट्युलिपची फुलं संपली? आता या चुका टाळा

पहिल्या वर्षी मी परसात ६० कंद लावले आणि ६० च्या ६० फुलले. दुसऱ्या वर्षी ११ फुलं आली. तिसऱ्या वर्षी वाफ्यात नुसती रुंद, एकेकटी पानं. नेदरलँड्समध्ये राहून आपल्याला ट्युलिप टिकवता येऊ नयेत, याचं मला मनापासून वाईट वाटलं होतं.

चूक कळली ती आप्पा मे महिन्यात इथे आले तेव्हा. फुलं गळून गेली होती आणि मी हिरवी पानं कात्रीने कापून कचऱ्याच्या डब्यात टाकत होते. आप्पांनी निफाड तालुक्यात जन्मभर कांदा पिकवला. ट्युलिप त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच पाहिला होता. ते जवळ येऊन म्हणाले, "अगं, माना तरी पडू दे. पात कापलीस तर खाली कांदा पोसायचा कसा?" माना पडणं म्हणजे पात आपोआप वाळून आडवी होणं.

एवढं एकच वाक्य मला आधी कुणी सांगितलं असतं तर दोन वर्षं वाया गेली नसती.

पानं लवकर कापणं: सगळ्यात महाग पडणारी चूक

ट्युलिप आणि कांदा एका कुळातले नाहीत. ट्युलिप लिलीच्या कुळातला. पण पानांनी अन्न तयार करायचं आणि ते जमिनीखालच्या कंदात साठवायचं, ही रीत दोघांची सारखीच. ट्युलिपच्या बाबतीत तर ही गोष्ट जास्तच नाजूक आहे, कारण आपण लावलेला कंद फूल देऊन संपतो. त्याच्या पापुद्र्यांच्या बेचक्यांत छोटे डोळे असतात, त्यांतून नवे कंद तयार होतात. एक मोठा, सोबत दोन-चार पिल्लं. पुढच्या वर्षी फुलतो तो हा नवा कंद. म्हणजे दर वर्षी जुना कंद जातो आणि त्याची जागा लेक घेते.

ही लेक पोसली जाते ती मुख्यतः फूल गळल्यानंतरच्या साधारण सहा आठवड्यांत. नेमकी त्याच काळात पानं निस्तेज, लोळलेली, डोळ्यांना नकोशी दिसतात. कापू नका. वेणी घालून किंवा रबर लावून जुड्याही बांधू नका. गुंडाळलेल्या पानाला ऊन मिळत नाही. पान पूर्ण पिवळं होऊन हलक्या हाताने ओढल्यावर सुटून आलं, की समजायचं काम झालं. वाफा वाईट दिसतो म्हणून जीव कासावीस होत असेल तर ट्युलिपच्या मधे जिरॅनियम किंवा होस्टा लावा. त्यांची पानं मे महिन्यात वर येतात आणि मरगळलेली पात झाकून टाकतात.

फुलदाणीसाठी फूल कापतानाही हेच लक्षात ठेवा. लांब देठ हवा म्हणून आपण पानांसकट कापतो. निदान दोन पानं झाडावर राहू द्या. सगळी पानं गेलेल्या कंदाकडून पुढच्या वर्षी काही मागायचा आपल्याला हक्क नाही.

फूल वेळेवर न खुडणं

पाकळ्या गळल्या की देठाच्या टोकाला हिरवी, तीन कप्प्यांची बोंडं धरतात. ती राहू दिली तर कंदाकडे जाणारं अन्न बियांकडे वळतं. बीपासून लावलेल्या ट्युलिपला फूल यायला पाच ते सात वर्षं लागतात, तेव्हा घरच्या बागेत त्या बियांचा काही उपयोग नाही. फुलाच्या अगदी खाली, बोटांनीच खुडायचं. हिरवा देठ मात्र ठेवायचा, तोही पानासारखाच अन्न बनवतो.

एप्रिलच्या शेवटी लिसे-हिलेगोम या कंदशेतीच्या गावांच्या बाजूला गेलेल्या आपल्या पाहुण्यांना एक दृश्य पाहून धक्का बसतो: यंत्र शेतातून जातं आणि रंगीत फुलं छाटून टाकतं. हे शेतकरी फुलं विकत नाहीत, कंद विकतात. फूल निघालं की कंद जाड होतो. शिवाय ओल्या पाकळ्या पानांच्या बेचक्यात अडकून कुजल्या की बुरशी धरते, तेही टळतं. तुमच्या वाफ्यातही गळलेल्या पाकळ्या पानांवर पडलेल्या दिसल्या तर उचलून टाका. पाच मिनिटांचं काम आहे.

पाणी तोडायची वेळ चुकणं

ट्युलिपचं मूळ घर मध्य आशियातले डोंगर, तिएनशान आणि पामीरच्या बाजूचे. कडक हिवाळा, थोडके दिवस ओला वसंत आणि मग कोरडा ठणठणीत उन्हाळा. उन्हाळ्यात कंद कोरड्या मातीत झोपतो. आपण बागेत नेमकं उलट करतो: पानं हिरवी असताना पाणी द्यायला विसरतो आणि जून-जुलैत त्याच वाफ्यात मोसमी फुलझाडं लावून रोज पाइप धरतो.

पानं हिरवी आहेत आणि पाऊस नाही, तर पाणी द्या. पानं पिवळी पडू लागली की तोडा. कांद्याला काढणीआधी पंधराएक दिवस पाणी तोडतात, तसंच.

मातीचाही भाग मोठा. ट्युलिपची जुनी शेतं समुद्राकाठच्या वाळूच्या टेकड्यांमागे वसली ती उगाच नाही. त्या रेताड मातीत पाणी साचून राहत नाही. आमच्या परसात पोल्डरची, म्हणजे पाणी हटवून मिळवलेल्या जमिनीची, चिकण माती आहे. अशा मातीत कंद उन्हाळाभर ठेवले तर बरेचसे सडतात, म्हणून मी दर वर्षी काढते. तुमची जमीन निचऱ्याची असेल तर काढायची घाई नको. कंद १५ ते २० सेंटिमीटर खोल लावले तर ते कमी फुटतात आणि जास्त वर्षं फुलतात.

खताबद्दल थोडक्यात: द्यायचं तर कोंब जमिनीतून वर येतात तेव्हा द्या. फुलं संपल्यावर नत्राचं खत किंवा ताजं शेणखत घातलं तर कंद सडायला मदतच होते.

काढणी आणि साठवण

इथे आप्पांची खरी शाळा होती. जूनअखेर पानं वाळली, तेव्हा त्यांनी व्हिडिओ कॉलवरून एकेक गोष्ट करून घेतली. कुदळीने नाही, बागकामाच्या दातेरी काट्याने लांबून खणायचं, म्हणजे कंदाला जखम होत नाही. धुवायचे नाहीत. माती सुकल्यावर हाताने झटकायची. उन्हात पसरायचे नाहीत, सावलीत, वारा लागेल असे, एका थरात. मग सुकलेली पात आणि जुनी साल काढून निवड करायची. मोठे बाजूला, गोल्टी (लहान कंद) वेगळी, चिंगळी (अगदी बारीक) वेगळी. मऊ, जखमी किंवा डाग पडलेला एकही कंद आत जाता कामा नये.

खणताना काही छोटे कंद तुम्ही लावलेल्या खोलीपेक्षाही खाली, पांढऱ्या नळीच्या टोकाला सापडतील. घाबरू नका. कोवळे कंद स्वतःहून असे खोल जातात.

बाजारातल्या पाकिटावर ११/१२ किंवा १२/+ असं लिहिलेलं असतं, तो कंदाचा घेर आहे, सेंटिमीटरमध्ये. तेच माप घरी लावा. दोऱ्याने घेर मोजला आणि तो १० च्या पुढे निघाला, तर पुढच्या वसंतात फुलाची आशा ठेवायला हरकत नाही. चिंगळी वेगळ्या कोपऱ्यात लावून एक-दोन वर्षं वाढवा, किंवा जागा नसेल तर सोडून द्या.

साठवणीत मी दुसऱ्या वर्षी आणखी एक चूक केली होती. कंद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, गाठ मारून, कोठीत सफरचंदांच्या पेटीशेजारी ठेवले. पिशवीत घाम धरला आणि बुरशी आली, हे डोळ्यांना दिसलं. सफरचंदांनी केलेलं नुकसान दिसलंच नाही. पिकणारी फळं इथिलीन वायू सोडतात. पुढच्या वर्षीची कळी उन्हाळ्यात, कंद नुसता पडून असतो तेव्हाच, त्याच्या पोटात तयार होत असते. इथिलीनने ती कळी आतल्या आत मरते. कंद वरून ठणठणीत दिसतो, पानंही येतात, फूल तेवढं येत नाही. केळी, सफरचंद, आंबे यांच्यापासून कंद लांब ठेवा. जाळीची पिशवी किंवा फळांचा लाकडी खोका, हवा खेळती, १७ ते २० अंशांच्या आसपास. कांदा साठवायच्या चाळीला फटी का ठेवतात ते आठवलं की पुढचं सांगावं लागत नाही.

एक सूचना कळकळीने करते. हे कंद हुबेहूब लहान कांद्यांसारखे दिसतात. ते स्वयंपाकघरात ठेवू नका आणि खोक्यावर मराठीत मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा, विशेषतः घरी आई-वडील किंवा सासू-सासरे राहायला येणार असतील तर. कंद विषारी असतो. १९४४-४५ च्या उपासमारीच्या हिवाळ्यात डच लोकांनी नाइलाजाने हे कंद खाल्ले, पण तेव्हाही मधला कोंब काढून टाकत असत. कुत्र्या-मांजरांनाही तो बाधतो. पुष्कळ कंद हाताळायचे असतील तर हातमोजे घाला, नाहीतर बोटांच्या टोकांना खाज सुटून कातडी फुटते.

पुढच्या वसंतात काय दिसलं, तर काय समजायचं

एकच रुंद पान आलं आणि कळी नाही: कंद लहान राहिला. गेल्या वर्षी पानं लवकर गेली, किंवा कंद फुटून त्याची चिंगळी झाली.

पानं तीन-चार आली, कळी कागदासारखी सुकली: साठवणीत गडबड. इथिलीन किंवा फार उष्णता.

कोंब वाकडेतिकडे, पानांवर राखी-तपकिरी ठिपके, भाजल्यासारखी टोकं: ही बोट्रायटिस बुरशी. डच भाषेत या रोगाचं नावच 'आग' आहे. झाड कंदासकट उपटून कचऱ्यात टाका, कंपोस्टमध्ये नको. त्या जागी निदान तीन वर्षं ट्युलिप लावू नका, कारण बुरशीचे काळे दाणे मातीत राहतात. लागवड ऑक्टोबरऐवजी थंडी पडल्यावर, नोव्हेंबरात केली तर हा धोका कमी होतो.

कंद हातात हलका लागतो, आंबूस वास येतो: फ्युझेरियमची सड. हा कंद स्वतःही इथिलीन सोडतो, म्हणून खोक्यात एक जरी असला तरी शेजारचे बिघडतात. लगेच बाहेर काढा.

एकरंगी जातीच्या फुलावर अचानक पांढऱ्या-पिवळ्या ज्वाला उमटल्या: मोह आवरा. सतराव्या शतकात अशाच पट्ट्यांच्या फुलांपायी लोकांनी घरांच्या किमती मोजल्या आणि १६३७ च्या फेब्रुवारीत तो बाजार कोसळला. ते सौंदर्य एका विषाणूचं होतं, हे सिद्ध व्हायला १९२० चं दशक उजाडावं लागलं. मावा ही कीड तो विषाणू एका झाडावरून दुसऱ्यावर नेते. झाड काढून टाकावं, बाकीचे वाचतात.

पुण्या-मुंबईच्या कुंडीतला ट्युलिप

मैत्रिणी विचारतात म्हणून स्पष्ट सांगते: तो पुन्हा फुलवायची धडपड करू नका. ट्युलिपला फुलण्याआधी १२ ते १६ आठवडे ९ अंशांखालची थंडी लागते. तेवढं फ्रिजमध्ये जमेलही, पण खरी अडचण त्याआधीची आहे. फूल गळल्यावर मार्चच्या उन्हात पानं सहा आठवडे टिकत नाहीत, कंद पोसत नाही, आणि एप्रिल-मेच्या उष्णतेत आतली कळी नीट बनत नाही. श्रीनगरला झबरवानच्या पायथ्याशी २००७ पासून ट्युलिपची मोठी बाग फुलते आहे, ती तिथल्या हिवाळ्याच्या जोरावर. आपल्या हवेत कंदातून दर वर्षी फूल हवं असेल तर निशिगंध लावा. तो इतका सुगंध देतो, आणि आपल्या मातीत सुखाने वाढतो.

जातच टिकणारी नसेल तर

लिसेच्या प्रसिद्ध कॉयकनहॉफ बागेशी आपल्या वाफ्याची तुलना करून कष्टी होऊ नका. तिथे दर वर्षी शरदात जवळपास ७० लाख कंद नव्याने लावले जातात. झालरीच्या आणि दुहेरी पाकळ्यांच्या देखण्या जाती बहुधा एका वर्षाच्याच पाहुण्या. टिकायला हव्या असतील तर डार्विन हायब्रिड गटातल्या घ्या. माझ्याकडे लाल 'आपेलडोर्न' आता चौथ्या वर्षी फुलतो आहे.

आणि एक रानटी जात आहे, ट्युलिपा क्लुसियाना. नाजूक, पांढरी, बाहेरून गुलाबी-लाल पट्टा. लायडनच्या वनस्पती उद्यानात १५९३ साली ट्युलिप लावणाऱ्या क्लुसियसचं नाव तिला मिळालं, पण ती मूळची इराण-अफगाणिस्तानापासून पश्चिम हिमालयापर्यंतच्या उतारांवरची. भिंतीलगत, खडी मिसळलेल्या उंचवट्यावर मी तिचे वीस कंद लावले होते. ती मी कधीच खणून काढत नाही. यंदा तिथे एकतीस फुलं मोजली.