‘गेलो होतो’ म्हणजे ‘हॅड गॉन’ नव्हे : इंग्रजी काळ कसे शिकावेत आणि कसे घोटावेत

पहिल्या नोकरीत असताना एका परदेशी ग्राहकाशी फोनवर बोलत होतो. दोन दिवस कुठे गायब होतास, असं त्याने विचारलं. मी म्हणालो, ‘आय हॅड गॉन टू कोल्हापूर.’ पलीकडे शांतता. मग त्याने हळूच विचारलं, ‘अँड?’ मला कळेना, अँड काय? कोल्हापूरला गेलो होतो, परत आलो, विषय संपला.

त्याची चूक नव्हती. ‘हॅड गॉन’ ऐकलं की इंग्रजी कान पुढच्या घटनेची वाट बघतो. मी कोल्हापूरला गेलो होतो आणि मागे काहीतरी घडलं, घरात चोरी झाली म्हणा किंवा पाहुणे येऊन गेले म्हणा. भूतकाळातल्या दोन गोष्टींपैकी आधीची कोणती हे सांगायलाच तो ‘हॅड’ असतो. मराठीत मात्र ‘गेलो होतो’ एकटं उभं राहू शकतं. जाऊन आलो, एवढाच त्याचा अर्थ. मी म्हणायला हवं होतं, ‘आय वेंट टू कोल्हापूर.’

शाळेत बारा काळांचा तक्ता माझाही पाठ होता, म्हणजे तक्ता येत नव्हता असं नाही. तोंडातून निघालेलं वाक्य मराठीच होतं, फक्त शब्द इंग्रजी होते. म्हणून इथे सुरुवात तक्त्यापासून न करता आपल्या मराठीपासून करू.

पहिली पायरी : तक्ता छाटा

वर्तमान, भूत, भविष्य हे तीन आणि प्रत्येकाचे साधा, चालू, पूर्ण, चालू पूर्ण असे चार प्रकार. तीन चोक बारा. हे गणित लक्षात ठेवायला सोपं आहे, बोलायला निरुपयोगी. खरं तर इंग्रजी क्रियापद स्वतः वर्तमान आणि भूत या दोनच काळांसाठी रूप बदलतं. भविष्यासाठी त्याला ‘विल’ किंवा ‘गोइंग टू’ची काठी लागते.

पहिले दोन महिने पाचच घ्या. साधा वर्तमान (आय गो), चालू वर्तमान (आय ॲम गोइंग), साधा भूत (आय वेंट), पूर्ण वर्तमान (आय हॅव गॉन) आणि भविष्य. चालू भूतकाळ, म्हणजे ‘आय वॉज गोइंग’, मागोमाग आपोआप येतो, कारण तो आपल्या ‘जात होतो’सारखाच वागतो. चालू पूर्ण भविष्यकाळ नावाचा जो प्राणी तक्त्याच्या शेवटच्या घरात बसलेला असतो, त्याला तिथेच बसू द्या. परीक्षेबाहेर तो मला क्वचितच भेटला आहे.

दुसरी पायरी : दोन दिवस स्वतःचं मराठी ऐका

ही पायरी बहुतेक जण गाळतात, आणि माझ्या मते खरं काम इथेच होतं. एक छोटी वही घ्या आणि घरात, बाजारात कानावर पडणारी क्रियापदं टिपा. मराठी किती मोकळेपणाने काळ वापरते ते दिसेल.

खालून कोणी हाक मारली की आपण ‘आलो!’ म्हणतो. अजून चप्पलही पायात नसते, पण क्रियापद भूतकाळी. इंग्रजीत ‘आय केम’ म्हटलं तर तुम्ही दारात उभे असायला हवेत, म्हणून तिथे ‘आय ॲम कमिंग’. ‘चला, निघालो मी’ हे खुर्चीत बसूनच म्हणतात. ते ‘आय ॲम लीव्हिंग’. पोर कठड्यावर चढलं की आई ओरडते, ‘पडला, पडला!’ आणि पोर पडलेलं नसतं.

आता हे वाक्य बघा : ‘तो आला की सांगतो.’ ‘आला’ भूतकाळ, ‘सांगतो’ वर्तमानकाळ, आणि दोन्ही गोष्टी अजून व्हायच्या आहेत. इंग्रजीत हेच ‘आय विल टेल यू व्हेन ही कम्स’. म्हणजे ‘आला’च्या जागी वर्तमान आणि ‘सांगतो’च्या जागी भविष्य. अख्खं वाक्य एकेक पायरी पुढे सरकलं. ‘पाऊस आला तर जाणार नाही’ हेही तसंच : ‘इफ इट रेन्स, आय वोन्ट गो.’ इथे दोन प्रकारचे लोक चुकतात. काही जण मराठीमागे जाऊन ‘इफ इट रेन्ड’ म्हणतात. काही जण जास्त विचार करून ‘इफ इट विल रेन’ म्हणतात. ‘इफ’ आणि ‘व्हेन’च्या बाजूला पुढची गोष्ट असली तरी साधा वर्तमानकाळ, एवढं एक पक्कं करा.

तिसरा सापळा म्हणजे चालू काळ. ‘मला कळत नाहीये’ या वाक्यातून ‘आय ॲम नॉट अंडरस्टँडिंग’ सरळ बाहेर पडतं. इंग्रजीत माहीत असणं, समजणं, आवडणं, हवं असणं, मालकीचं असणं या क्रिया नव्हेत, स्थिती आहेत, आणि स्थितीला सहसा ‘इंग’ लागत नाही. ‘आय डोन्ट अंडरस्टँड’, ‘आय नो हिम’, ‘आय हॅव टू सिस्टर्स’. ‘आय ॲम हॅविंग टू सिस्टर्स’ म्हणालात तर ऐकणारा गडबडेल, कारण ‘हॅविंग’ खाण्याच्या अर्थाने चालतं : ‘आय ॲम हॅविंग लंच.’

दोन दिवसांनी वहीतली दहा वाक्यं निवडा. प्रत्येकापुढे आधी मराठीतच लिहा की ही गोष्ट झाली आहे, होते आहे, रोज होते की व्हायची आहे. त्यानंतरच इंग्रजी करा. क्रियापदाचं रूप बघून नव्हे, वेळ बघून.

तिसरी पायरी : क्रियापदं जोड्याजोड्यांनी पाठ करा

‘गो, वेंट, गॉन’ ऐकून कपाळाला हात लावणाऱ्यांनी क्षणभर आपल्याकडे बघावं. ‘जा’चा भूतकाळ ‘गेला’ कसा झाला? ‘ये’चा ‘आला’, ‘कर’चा ‘केला’, ‘मर’चा ‘मेला’? ‘जा’ आलं संस्कृत ‘या’ धातूपासून आणि ‘गेला’ आलं ‘गत’पासून. इंग्रजीनेही तेच केलं. ‘वेंट’ हा मुळात ‘वेंड’ या दुसऱ्याच क्रियापदाचा भूतकाळ, ‘गो’ने तो उसना घेतला आणि परत केला नाही.

वर्णानुक्रमाची यादी पाठ करू नका, आवाजाने गट पाडा. ‘ब्रिंग, बाय, थिंक, कॅच, टीच’ यांचा भूतकाळ ‘ऑट’ने संपतो : ब्रॉट, बॉट, थॉट, कॉट, टॉट. ‘सिंग, सँग, संग’सोबत ‘रिंग’, ‘ड्रिंक’, ‘स्विम’, ‘बिगिन’ बसतात. ‘कीप, स्लीप, लीव्ह’चे केप्ट, स्लेप्ट, लेफ्ट. ‘कट, पुट, हिट’ तिन्ही रूपांत जागचे हलत नाहीत. ‘रीड’चं स्पेलिंग तेच राहतं, उच्चार मात्र ‘रेड’ होतो. रोज एक गट, पण सुटे शब्द नकोत, प्रत्येकाचं आपल्या घरातलं वाक्य करा : ‘आय बॉट मेथी’, ‘द मिल्कमन डिडन्ट कम’.

नियमित क्रियापदांना शेवटी ‘ईडी’ लागतो, पण त्याचे उच्चार तीन, आणि ते ओळखायला आपलं शाळेतलं व्याकरण कामी येतं. शब्दाचा शेवट कठोर व्यंजनाने होत असेल तर ‘ट’ : वॉक्ट, हेल्प्ट, वॉश्ट. मृदू व्यंजन किंवा स्वर असेल तर ‘ड’ : कॉल्ड, प्लेड. शेवटी आधीच ‘ट’ किंवा ‘ड’ असेल तर ‘इड’ : वाँटिड, नीडिड. ‘वॉकेड’ आणि ‘वॉशेड’ आजच सोडा.

दिलासा देणारी एक गोष्टही सांगतो. आंबा खाल्ला, पोळी खाल्ली, केळं खाल्लं, पोहे खाल्ले, चिंचा खाल्ल्या. इंग्रजीत या सगळ्यांना एकच ‘एट’. ज्याला मराठी येतं त्याने इंग्रजी क्रियापदाला घाबरणं म्हणजे पोहणाऱ्याने बादलीला घाबरणं.

‘डिड’ आला की क्रियापद मोकळं

‘आय डिडन्ट वेंट.’ ही चूक पदवीधरांच्याही तोंडी असते. भूतकाळाचं ओझं ‘डिड’ने एकदा उचललं की मुख्य क्रियापदाने ते पुन्हा उचलायचं नाही : ‘आय डिडन्ट गो’, ‘डिड यू गो?’ सराव असा करा. एक होकारी वाक्य घ्या, लगेच त्याचं नकारी करा, मग प्रश्न. ‘शी केम. शी डिडन्ट कम. डिड शी कम?’ भाजी निवडताना, लोकलची वाट बघताना पुटपुटत राहा. ‘डझ’चंही तेच : ‘ही गोज’, पण ‘ही डझन्ट गो’. तो ‘एस’ ‘डझ’मध्ये गेला.

पूर्ण वर्तमानकाळ : इथे वेळ द्या

मराठी माणसाला सगळ्यात जास्त छळतो तो ‘हॅव’वाला काळ. समजायला क्रिकेट घेऊ, पुरुषांचा एकदिवसीय विश्वचषक.

‘इंडिया वन द वर्ल्ड कप इन १९८३.’ साल सांगितलं, घटना मागे जाऊन बसली, म्हणून साधा भूतकाळ.

‘इंडिया हॅज वन द वर्ल्ड कप ट्वाइस.’ आजवरचा हिशोब, वही अजून उघडी आहे. साल नाही. म्हणून ‘हॅज वन’.

‘बिफोर २०११, इंडिया हॅड वन इट ओन्ली वन्स.’ वानखेडेवरचा २ एप्रिल २०११चा दिवस ही एक भूतकाळातली खूण. तिच्याही आधीचं सांगायचंय, म्हणून ‘हॅड’.

‘यस्टर्डे’, ‘लास्ट वीक’, ‘इन २०११’, ‘टू डेज अगो’ यांपैकी काही वाक्यात आलं की ‘हॅव’ बाहेर. ‘आय हॅव सीन हिम यस्टर्डे’ चालत नाही, जरी ‘मी त्याला काल पाहिलंय’ आपल्या कानाला खटकत नसलं तरी. उलट ‘आत्ताच जेवलो’ यात मराठी रूप साधं आहे, पण जेवणाचा परिणाम आत्ता चालू आहे, आणखी वाढू नका. म्हणून ‘आय हॅव जस्ट ईटन’. अमेरिकेत ‘आय जस्ट एट’ही सर्रास म्हणतात. नातेवाईक तिकडे असतील तर त्यांना चुकीचं ठरवायला जाऊ नका.

आणखी एक बारकावा मला फार आवडतो. लता मंगेशकर हयात असताना त्यांच्याबद्दल ‘शी हॅज संग’ म्हणता येत होतं. ६ फेब्रुवारी २०२२ नंतर ‘शी सँग’. वही बंद झाली की ‘हॅज’ जातो.

एका ‘पासून’चे दोन तुकडे

‘सकाळपासून’ आणि ‘दोन तासांपासून’ यांत मराठीला एकच ‘पासून’ पुरतो. इंग्रजीत जिथून सुरुवात झाली तो क्षण असेल तर ‘सिन्स’ : सिन्स मॉर्निंग, सिन्स २०१९. मोजलेला अवधी असेल तर ‘फॉर’ : फॉर टू अवर्स, फॉर फाइव्ह इयर्स. सोबत क्रियापदही बदलतं. ‘पाच वर्षं पुण्यात राहतोय’ याचं ‘आय ॲम लिव्हिंग’ नव्हे, तर ‘आय हॅव बीन लिव्हिंग इन पुणे फॉर फाइव्ह इयर्स’. चालू पूर्णचा एवढा एकच प्रकार लवकर शिकून घ्या, कारण मुलाखतीत तो पहिल्या मिनिटालाच लागतो.

रोजचा सराव, वीस मिनिटांचा

रात्री फोनवर स्वतःचा आवाज दोन मिनिटं रेकॉर्ड करा. दिवसभरात काय झालं तेवढंच सांगा, फक्त साध्या भूतकाळात. अडलात तर थांबू नका. दुसऱ्या दिवशी सकाळी ऐका आणि चुका कागदावर उतरवा. स्वतःची चूक स्वतःच्या कानाने ऐकली की ती पुन्हा करताना जीभ अडखळते, आणि ते अडखळणंच हवं असतं.

आठवड्यातून तीन दिवस इंग्रजी वर्तमानपत्र घ्या, पण मथळ्यांपासून सावध राहा. कालची बातमी मथळ्यात साध्या वर्तमानात असते आणि उद्याची ‘टू’ लावून : ‘पीएम टू व्हिजिट पुणे’. तसं कोणी बोलत नाही. मथळा वाचून त्याचं पूर्ण वाक्य आपणच करायचं आणि बातमीच्या पहिल्या ओळीशी ताडून बघायचं. क्रिकेटचं थेट समालोचनही असंच फसवं : ‘ही रन्स इन, ही बोल्स’. समोर घडणारं असूनही साधा वर्तमान, कारण चालू काळ वापरेपर्यंत चेंडू सीमापार गेलेला असतो.

‘तो म्हणाला, येतो’ याचं ‘ही सेड ही वुड कम’ होतं, म्हणजे ‘सेड’मागे सगळे काळ एक पाऊल मागे. हा भाग तिसऱ्या महिन्यात घ्या, आधी नको.

आता हा उतारा खालचं उत्तर झाकून इंग्रजीत करा :

‘काल आईचा फोन आला होता. ती तीन दिवसांपासून आजारी आहे. डॉक्टरांनी गोळ्या दिल्यात. बरं वाटलं की इकडे येणार आहे. पाऊस थांबला की तिचं तिकीट काढायला जातो.’

उत्तर : ‘माय मदर कॉल्ड यस्टर्डे. शी हॅज बीन इल फॉर थ्री डेज. द डॉक्टर हॅज गिव्हन हर सम टॅब्लेट्स. शी इज गोइंग टू कम हिअर व्हेन शी फील्स बेटर. आय विल गो अँड बुक हर टिकेट व्हेन द रेन स्टॉप्स.’

पहिल्याच वाक्यात ‘हॅड कॉल्ड’ लिहिलं असेल, तर फोनवरचा तो ग्राहक अजून ‘अँड?’ म्हणत थांबला आहे.