गीझर डायरेक्ट करू नका, थर्मोस्टॅट बदला

आपल्या कोल्हापुरात गीझरचा थर्मोस्टॅट (पाणी तापलं की करंट आपोआप तोडणारा पार्ट) गेला की पहिला सल्ला ठरलेला, "डायरेक्ट मार की, पाणी तापलं की बटण बंद करायचं." म्हणजे फेजची वायर थर्मोस्टॅट सोडून सरळ पाणी तापवणाऱ्या कॉईलला. मग एखाद्या सकाळी पोरांच्या शाळेच्या गडबडीत बटण चालूच राहतंय, आत पाणी उकळतंय, दाब वाढतोय, आणि बोअरच्या पाण्याच्या क्षारानं सेफ्टी व्हॉल्व्ह आधीच चिकटलेला असला तर टाकीच फुटते. जुन्या तांब्याच्या बंबात वाफेला बाहेर पडायला वाट असायची, ही टाकी बंद असते. आणि नवीन थर्मोस्टॅट काही शे रुपयांत मिळतोय, त्यात कसली काटकसर!

वॉरंटी असली तर कंपनीचा माणूस बोलवा, स्वतः खोलू नका. नसेल तर आधी गीझरचा एमसीबी (बोर्डावरचा खटका) पाडा, प्लग असला तर तोही काढा. "लाईट गेलीय, तेवढ्यात उरकून घेऊ" हे अजिबात नको, लाईट सांगून परत येत नाही. कव्हर काढल्यावर करंट नाही ना हे टेस्टर लावून बघा आणि मल्टिमीटर असेल तर त्यानं पण बघा, आणि कुठलीही वायर काढायच्या आधी मोबाईलवर दोन-चार फोटो मारा, नंतर हेच कामाला येतात.

आत तीन गोष्टी दिसतील, कॉईल, थर्मोस्टॅट आणि कटआऊट, म्हणजे पाणी जास्तच तापलं तर करंट तोडणारा (काही गीझरला थर्मोस्टॅट आणि कटआऊट एकाच पीसमध्ये असतात). वायरी सुटी करून मीटर ओहमवर लावा. २ किलोवॅटची कॉईल साधारण २६ ओहम दाखवते, ३ किलोवॅटची १७-१८. मग एक प्रोब कॉईलच्या टोकाला आणि दुसरा टाकीच्या बॉडीला लावा. इथं काहीही रीडिंग आलं तर कॉईलच लीक आहे, थर्मोस्टॅट बदलून उपयोग नाही, आणि तो गीझर वापरायचाही नाही. गार थर्मोस्टॅटच्या दोन टोकांत कंटिन्युटी (आतून सलग जोड) आली पाहिजे, नाही आली तर तो गेला. कटआऊटला लाल बटण असतं, ते दाबून परत चालू होतंय खरं, पण ते कशामुळं पडलं हे बघा, बहुतेक वेळा थर्मोस्टॅटचे पॉईंट चिकटलेले असतात म्हणून पाणी जास्त तापलेलं असतं.

काठीवाला थर्मोस्टॅट कोरड्या नळीत बसलेला असतोय, त्यामुळं तो बदलायला टाकी रिकामी करावी लागत नाही. कॉईल काढायची असेल तर मात्र रिकामी करावीच लागते. जुना पीस खिशात घालूनच दुकानात जा, काठीची लांबी आणि अँपिअर दोन्ही जुळलं पाहिजे, "चालतंय हो साहेब" म्हणून दुसराच टेकवतात.

जोडणी अशी: फेज आधी कटआऊटला, तिथून थर्मोस्टॅटला, तिथून कॉईलच्या एका टोकाला. न्यूट्रल कॉईलच्या दुसऱ्या टोकाला, अर्थिंगची हिरवी वायर बॉडीच्या बोल्टला. फेजच थर्मोस्टॅटमधून गेला पाहिजे, उलटं झालं तर थर्मोस्टॅट बंद झाला तरी कॉईलवर करंट राहतोच. जुन्या घरांत सॉकेटच उलटा जोडलेला सापडतो, म्हणून समोरून बघताना अर्थिंगचं मोठं भोक वर धरून उजवीकडच्या भोकात टेस्टर लावा, तिथंच लागला पाहिजे. वायरीच्या टोकाचे थिंबल घट्ट दाबलेले हवेत, सैल जोड तापून काळे पडतात, वास पण येतो. आतल्या वायरींवर काचेच्या धाग्याची (फायबरग्लासची) स्लीव्ह चढवा.

२ किलोवॅटला जवळपास ९ अँपिअर ओढतात, म्हणजे १६ अँपिअरचा सॉकेट, २.५ स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर आणि ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (करंट लीक झाला की लाईन तोडणारा खटका). अर्थिंग नसेल तर आधी लायसन्सवाल्या वायरमनकडनं ते करून घ्या, बाकीचं राहू दे.

सेटिंग ५५-६० डिग्रीला ठेवा, बादलीत मिसळून अंघोळीला तेवढं भरपूर होतंय. बटण टाकायच्या आधी गरम पाण्याचा नळ सोडून ठेवा आणि धार खळखळ न करता सलग यायला लागली की मगच चालू करा, कोरडी कॉईल लगेच जळते. १५ लिटरला २ किलोवॅटवर पाणी तापायला वीसेक मिनिटं लागतात, मग गीझरचा दिवा आपोआप गेला पाहिजे. अर्धा तास झाला तरी गेला नाही तर एमसीबी पाडा आणि आधी मारलेले फोटो समोर ठेवून जोडणी परत बघा. कव्हर तोवर लावू नका, पण हातही घालू नका.