टेराफॉर्मने क्लाउडचे अधिकार सांभाळताय? या चुका टाळा

कापूस खरेदीचे दिवस होते. आमच्या तालुक्यातल्या शेतकरी कंपनीच्या काट्यावर बंड्या आणि ट्रॅक्टरची रांग लागलेली, आणि काट्यावरच्या मुलाचा फोन आला, "भाऊ, पावत्या दिसूनच नाही राहिल्या." काट्यावरचं वजन ॲमेझॉनच्या मुंबईतल्या सर्व्हरवर जातं आणि पावती तिथे तयार होते. पावतीच्या प्रोग्रॅमला कोणी हात लावला नव्हता. आदल्या दिवशी बदलले होते ते क्लाउडवरचे अधिकार, म्हणजे कोणाला काय करता येतं याचे नियम, आणि ते मी टेराफॉर्मने बदलले होते. क्लाउडवर काय हवं ते कोडमध्ये लिहून द्यायचं आणि ते घडवून घ्यायचं, असं हे साधन. कास्तकार दोन तास उन्हात उभे राहिले. म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

मला एका नव्या रोलला (प्रोग्रॅम किंवा माणूस जी ओळख घेऊन काम करतो ती) आधीपासून असलेली एक पॉलिसी (परवानग्यांचा कागद) जोडायची होती. टेराफॉर्ममध्ये त्यासाठी दिसायला जवळजवळ सारखे दोन रिसोर्स, म्हणजे कोडमध्ये लिहायचे ब्लॉक, आहेत (नावातलं 'आयएएम' म्हणजे क्लाउडची अधिकार सांभाळणारी व्यवस्था): 'आयएएम पॉलिसी अटॅचमेंट' आणि 'आयएएम रोल पॉलिसी अटॅचमेंट'. मी पहिला घेतला. तो असं धरून चालतो की ही पॉलिसी कोणाकोणाकडे असावी याची पूर्ण यादी त्याच्याकडेच आहे. यादीत नसलेल्या प्रत्येक रोल, युजर आणि ग्रुपकडून तो ती काढून घेतो, तेही अख्ख्या अकाउंटभर. पावतीचा रोल दुसऱ्या फोल्डरमधल्या कोडने बनवला होता, माझ्या यादीत तो नव्हता. काय बदलणार ते आधी दाखवणाऱ्या प्लॅनमध्ये ती ओळ स्पष्ट दिसत होती. मी ती वाचली नाही.

धुऱ्यावरून होणारी भांडणं ज्यांनी पाहिली आहेत त्यांना हे लगेच कळेल. आपलं वावर कुठवर, हे नांगर घालण्याआधी ठरलेलं असावं लागतं. अधिकाराचा कोणताही रिसोर्स लिहिताना आधी हेच पाहा: हा फक्त स्वतःची एक नोंद सांभाळतो, की सगळी यादी आपल्या ताब्यात घेतो? गुगल क्लाउडवर याच्या तीन पायऱ्या आहेत. 'प्रोजेक्ट आयएएम मेंबर' एकाच सदस्याची एक नोंद जोडतो. 'बाइंडिंग' त्या रोलची पूर्ण यादी ताब्यात घेतो. 'प्रोजेक्ट आयएएम पॉलिसी' मात्र अख्ख्या प्रोजेक्टचे अधिकार पुसून नव्याने लिहितो, त्यात तुमचा स्वतःचाही अधिकार जाऊ शकतो. अकाउंट लहान असो की मोठं, मी मेंबरच वापरा म्हणेन.

चूक झालीच असेल तर घाईने तो रिसोर्स कोडमधून खोडू नका. खोडला की टेराफॉर्म यादीतल्या उरलेल्यांचीही पॉलिसी काढेल. आधी 'स्टेट आरएम' चालवून तो फक्त स्टेटमधून, म्हणजे आपण काय काय बनवलं याच्या टेराफॉर्मच्या नोंदवहीतून, बाहेर काढा, मग कोडमध्ये त्याच्या जागी प्रत्येक रोलसाठी वेगळा 'रोल पॉलिसी अटॅचमेंट' लिहा. आधीच जोडलेली पॉलिसी पुन्हा जोडली तर काही बिघडत नाही.

लाईन गेली आणि स्टेट अडकली

हा त्रास आपल्याकडे जास्त. लाईन गेली की राउटर बंद पडतो, लॅपटॉप मात्र बॅटरीवर चालत राहतो. अप्लाय, म्हणजे बदल प्रत्यक्ष लागू करणं, अर्धवट होतो. अधिकार क्लाउडवर बदललेले असतात, पण त्याची नोंद दूरच्या स्टेटमध्ये पोचलेली नसते. अशा वेळी फोल्डरमध्ये 'एरर्ड डॉट टीएफस्टेट' नावाची फाईल दिसते. ती कचरा समजून डिलीट करू नका, नेट आल्यावर 'स्टेट पुश'ने वर पाठवा. लॉक (एकाच वेळी दोघांनी स्टेट बदलू नये म्हणून लागणारं कुलूप) अडकला असेल तर एरर संदेशात लॉकचा आयडी, तो कोणी घेतला आणि कधी, हे सगळं असतं. दुसऱ्या कोणाचा अप्लाय चालू नाही ना, हे फोन करून विचारा, आणि मगच 'फोर्स-अनलॉक' करा.

खरा उपाय म्हणजे गावातून प्लॅन पाहायचा आणि अप्लाय पाइपलाइनवर, म्हणजे दूरच्या सर्व्हरवर आपोआप चालणाऱ्या कामावर, सोडायचा. पण मग पाइपलाइनला अधिकार द्यावे लागतात, आणि तिथे लोक कायमची की चिकटवून मोकळे होतात. गिटहब ॲक्शन्स ही अशीच एक पाइपलाइन. ती ओआयडीसीने, म्हणजे कायमच्या कीऐवजी दर वेळी ओळख पटवून, तात्पुरता अधिकार घेऊ शकते, तेच वापरा. हा रोल कोणाला घेता येईल हे ठरवणाऱ्या ट्रस्ट पॉलिसीत 'सब'ची (मागणारा कोण, याची) अट मात्र नेमकी लिहा: कोणता रेपो (कोडचा साठा), त्याची कोणती ब्रँच. तिथे स्टार (म्हणजे 'काहीही चालेल') टाकला तर ज्यांना द्यायचा नव्हता त्यांनाही तोच रोल मिळतो.

'ॲक्सेस डिनाइड' आला की स्टार टाकणं

ही सवय मोडाच. तो संदेश नीट वाचला तर कोणी, कोणती कृती, कशावर करायला गेलं ते त्यात असतं. परवानगी देणारी पॉलिसीच नाही की कुठेतरी स्पष्ट 'डिनाय' आहे, हेही बहुतेकदा लिहिलेलं असतं. स्पष्ट डिनाय असेल तर शंभर 'अलाव' लिहूनही दार उघडणार नाही. ॲमेझॉनच्या फाईली ठेवायच्या एस-थ्रीवर नेहमी फसवणारी जागा ही: फाईलींची यादी मागायची परवानगी बकेटच्या (फाईलींच्या कप्प्याच्या) एआरएनवर, म्हणजे पूर्ण पत्त्यावर, लागते, फाईल वाचायची परवानगी त्याच एआरएनपुढे तिरकी रेघ आणि स्टार जोडून. बकेट आपल्या केएमएस कीने (ॲमेझॉनच्या कुलूप-किल्ली सेवेतल्या किल्लीने) एन्क्रिप्ट केली असेल तर 'डिक्रिप्ट' वेगळं द्यावं लागतं. लॅम्डा (सर्व्हर न सांभाळता चालणारा छोटा प्रोग्रॅम) बनवताना अडलात तर 'पासरोल', म्हणजे त्याला रोल सोपवायची परवानगी, तपासा.

माणसं बदलतात तेव्हा

पाडव्याला सालदार बदलला की गोदामाची किल्ली परत घेतली जाते. युजरच्या बाबतीत हे राहून जातं, आणि ते काढायला गेलं की टेराफॉर्मचा 'काउंट', म्हणजे क्रमांकाने एकासारखे अनेक बनवायची सोय, अडवतो. पाच नावांची यादी काउंटने फिरवली असेल आणि पहिलं नाव काढलं, तर मागच्या चौघांचे क्रमांक सरकतात आणि टेराफॉर्म त्या सगळ्यांनाच बदलायला निघतं. नावावर चालणारं 'फॉर-ईच' वापरा. जुना कोड बदलताना 'मूव्ह्ड' ब्लॉक (जुनी नोंद आता या नावाने, असं सांगणारे) लिहिले की कोणी पुसलं जात नाही.

टेराफॉर्मने युजरची ॲक्सेस की (प्रोग्रॅमने क्लाउडमध्ये शिरायची किल्ली) बनवली असेल, तर तिचं गुपित, ते झाकायला पीजीपी की न दिल्यास, स्टेट फाईलमध्ये उघडं लिहिलेलं असतं. ती फाईल गिटमध्ये, म्हणजे कोडच्या सामायिक साठ्यात, गेली असेल तर आधी नवी की बनवा, काट्यावरच्या मशीनवर ती टाका, एक पावती काढून पाहा आणि मग जुनी बंद करा. हे काम रात्री, काटा बंद असताना करा.