ट्रेबुशे बनवायचाय? सगळ्यात आधी भुजेचं लाकूड नीट निवडा

ट्रेबुशे म्हणजे जुन्या काळचं दगड फेकायचं यंत्र: लांब भुजेच्या आखूड टोकाला जड वजन, लांब टोकाला गोफण, वजन खाली पडलं की गोफणीतला गोळा उडतो. तो करायचा म्हटलं की लोक इंटरनेटवरची यादी उघडतात, त्यात ओक आणि अॅश लिहिलेलं असतं आणि मग पुण्यात अॅश कुठे मिळेल म्हणून विचारत फिरतात. इंग्लंडमध्ये वॉरिक कॅसलला 2005 साली उभा केलेला 18 मीटर उंच, 22 टनांचा ट्रेबुशे ओकचा होता आणि त्याची भुजा अॅशची होती हे खरंय, पण ती तिकडची झाडं आहेत. आपलं काम आपल्या टिंबर मार्केटमध्ये मस्त होतं.

खालचं सगळं 2 मीटर भुजेच्या ट्रेबुशेसाठी आहे. लांब बाजू 160 सेंमी, आखूड बाजू 40, म्हणजे चारास एक. वजन 20 किलो आणि गोळा 200 ग्रॅम, म्हणजे एक मोसंबी. वजन गोळ्याच्या शंभरपट हा हिशोब धरून चाला.

सांगाडा पॅकिंगच्या पाइनचा करा नाहीतर लोखंडी अँगलचा, दोन्ही चालतं, फक्त तिरपे आधार द्या.

वजनाला लोखंड. 20 किलो लोखंड अडीच लिटरच्या जागेत बसतं, तेवढीच वाळू घेतली तर साडेबारा लिटर लागते, मग पेटी मोठी, ती सांगाड्याला घासते, म्हणून सांगाडाही मोठा. पुण्याच्या जुन्या बाजारात रविवारी किंवा बुधवारी जा, जिमच्या जुन्या प्लेट्स बघा. शिसं अजून जड असतं पण ते विषारी आहे, मुलं हात लावणार असतील तर आणूच नका.

भुजा ज्यावर फिरते त्या शाफ्टला 20 मिमीचा ब्राइट बार (गुळगुळीत लोखंडी सळई) आणि तो ज्यात फिरेल ती दोन यूसीपी 204 बेअरिंग. संपला विषय.

आता भुजा. मला सगळ्यात जास्त त्रास भुजेनेच दिलाय आणि याच बाबतीत सगळ्यात वाईट सल्ले मिळतात. जाड घे म्हणजे मोडणार नाही, हा पहिला. जाड भुजा मोडत नाही पण फेकतही नाही, कारण शाफ्टपासून अंतर दुप्पट झालं की तेवढंच वजन फिरवायला चौपट जड जातं, म्हणजे तुमचं 20 किलो लाकूडच फिरवत बसतं आणि मोसंबी समोरच पडते. म्हणून भुजा शाफ्टपाशी 60 बाय 40 मिमी ठेवा आणि लांब टोकाकडे रंधा मारून निमुळती करत निम्म्यावर आणा. पीव्हीसी पाइप कोणी सुचवला तर ऐकू नका, तो वाकतो. लोखंडी पाइप टोकाला जड होतो.

लाकूड सागवानच घ्या, जुनं, वाळलेलं. महाग पडतं, पण लागतो एकच तुकडा. पावसाळ्यात उघड्यावर ठेवलेला माल घेऊ नका, त्याच मापाच्या दुसऱ्या तुकड्यापेक्षा जड लागला तर ओला आहे समजा. तुकडा डोळ्यासमोर आडवा धरून कडेने बघा, पीळ असेल तर परत ठेवा. मग लाकडाची रेषा बघा, आणि हे दुकानदार कितीही घाई करू दे तरी बघाच: रेषा या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ गेली पाहिजे. मध्येच तिरकी होऊन कडेला बाहेर पडत असेल तर भुजा तिथूनच जाणार, वरून कितीही सुंदर दिसत असली तरी. शाफ्टच्या आसपास एकही गाठ नको. ट्रेबुशेत दोन्ही टोकं खाली ओढली जातात त्यामुळे ताण भुजेच्या वरच्या बाजूवर येतो, म्हणून सगळ्यात स्वच्छ बाजू वर ठेवायची. सुताराला हे आधीच खडूने खूण करून द्या.

आणि शाफ्टसाठी भुजेला भोक पाडू नका! भार थेट भोकाच्या कडेवर येतो आणि रेषेच्या दिशेने चीर धावते. त्यापेक्षा भुजा शाफ्टच्या वर बसवा, यू-बोल्टने आवळा, बोल्टखाली लोखंडी पट्टी द्या म्हणजे लाकूड दबणार नाही. वजन लटकवायला आखूड टोकाला भोक पाडावंच लागतं, तिथे दोन्ही बाजूंनी पट्ट्या लावा आणि भोकापुढे निदान 5 सेंमी लाकूड शिल्लक ठेवा (40 सेंमी ही शाफ्ट ते भोक मोजायची, टोकापर्यंत नाही). शेवटी जवसाचं तेल द्या, आणि दर वेळी वापरायच्या आधी वरच्या बाजूवरून बोट फिरवून बारीक चीर आलीये का बघा. आली असेल तर भुजा बदला, फेव्हिकॉल लावून चालवू नका.

गोफणीला पॉलिएस्टरची दोरी, नायलॉन ताणली जाते त्यामुळे गोळा दर वेळी वेगळ्या क्षणी सुटतो. खिसा जाड कॅनव्हासचा. भुजेच्या लांब टोकाची पिन, जिच्यावरून गोफणीची एक दोरी निसटते, 6 मिमी सळईची, घासून गुळगुळीत केलेली, रंग न लावलेली. पिनचा कोन थोडा थोडा वाकवून बघत जा, आणि हे करताना मोकळ्या मैदानावरच करा, समोर तर नाहीच पण मागेही कोणी उभं नको, कारण गोफण लवकर सुटली तर गोळा सरळ वर किंवा मागे जातो.